न ओढता बंद पडलेलं इंजिन

धारवाडला सप्तापूरच्या आमच्या जुन्या घराला लागून गाडीची शेड होती, तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे. आईच्या पेन्शनच्या कामाला धारवाडला गेले होते, कागदांच्या प्रती हव्या होत्या म्हणून गेल्या महिन्यात मी त्या दुकानात रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे विद्यापीठातली पाच-सहा मुलंमुली, हातात कुणाकुणाच्या वह्या. मशीनच्या झाकणाखालून हिरवट उजेड इकडून तिकडे सरकत होता. आत नव्या गुळगुळीत फरशा घातल्यात. पण दारापाशी फरशी कमी पडली असावी, तिथे जुना कोबा वीतभर उघडा राहिलाय, आणि त्या कोब्यावर तेलाचा काळा डाग तसाच आहे. धुतला असेल, घासला असेल, तरी गेलेला नाही. मी नेमकी त्या डागावर उभी होते.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "एष्टु कॉपी री?"

"एरडु," मी म्हणाले. दोन.

कागद घेतले आणि बाहेर आले. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं रस्ता ओलांडताना मनात आलं. वाटलं नाही. रिक्षा मिळाली, हुबळीजवळ उणकलला आईच्या फ्लॅटवर परत आले, हातपाय धुतले. मग दुपारभर मात्र त्या डागावर कधीकाळी उभं असलेलं इंजिन माझ्या कानात चालू राहिलं.

गाडी गोल पाठीची, पांढरी, जुनी. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका कंत्राटदाराकडून घेतली तेव्हाच तिची निम्मी जिंदगी संपलेली होती. अप्पा धारवाडच्या कोर्टात वकील, आई हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिक्षिका, आणि घरात मूल म्हणून मी एकटी. गल्लीत तेव्हा गाड्या दोनच. समोरच्या प्राध्यापकांची पेट्रोलवर चालायची, ती सुरू झालेली कळतसुद्धा नसे. आमची डिझेलची. ती सुरू झाली की शेडचे पत्रे थरथरत आणि माडीवर भाड्यानं राहणारे विद्यार्थी अंथरुणात उठून बसत.

थंडीच्या दिवसांत धुकं विद्यापीठाच्या टेकडीवरून खाली उतरून आमच्या कुंपणापर्यंत येई. अशा सकाळी गाडी सुरू करणं हा एक विधीच असे. किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं. डॅशबोर्डावर एका छोट्या जाळीमागे तारेचं वेटोळं होतं. ते आधी काळं, मग तांबूस, मग विस्तवासारखं लाल होई. तोवर अप्पा मोजत. ओंदु, एरडु, मूरु. आमच्या घरात बोलणं मराठीत, रागावणं मराठीत, पण मोजणं कानडीत. वीस झाले की किल्ली पुरती फिरवायची. इंजिन दोनदा खोकायचं, मागून आधी पांढरा धूर, मग काळा, आणि मग तो आवाज, जात्यात कुणी खडे भरडत असल्यासारखा. गाडीच्या काचेवर जमलेलं दव त्या थरथरीनं ओघळून खाली यायचं.

"या इंजिनाला ठिणगी लागत नाही," अप्पा सांगत. "पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडावी लागते. इथे नुसती हवा दाबायची. इतकी दाबायची, इतकी दाबायची, की ती आपोआप तापते. मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की पेटलंच. एकदा चालू झालं की विजेचं काही काम नाही. बॅटरी काढून घरी ठेवलीस तरी हे बेळगावला जाऊन येईल."

बंद करायलाही नुसती किल्ली पुरायची नाही. स्टिअरिंगच्या खाली, माझ्या बाजूला, एक काळी मूठ होती. ती ओढून धरली की डिझेल तुटायचं, इंजिन एकदा अंग झाडायचं आणि गप्प व्हायचं. मूठ ओढायचं काम माझं. मी ओढल्याशिवाय हे थांबणार नाही, ही गोष्ट मला लहानपणी फार मोठी वाटायची.

रविवार इंजिनाचा. अप्पा जुनं धोतर फाडून केलेली फडकी घेऊन बसत. महिन्यातून एकदा डिझेलच्या फिल्टरच्या तळातलं पाणी काढायचं. पावसाळ्यात ते जास्त निघे, काचेच्या वाटीत तळाशी पाणी आणि वर पिवळसर डिझेल, मध्ये एक स्वच्छ रेघ. फिल्टर बदलला की नळीत हवा अडकते. ती काढली नाही तर इंजिन कितीही फिरवा, सुरू होत नाही. मग अप्पा एक छोटा स्क्रू सैल करत आणि मी अंगठ्यानं हातपंप दाबत राही. स्क्रूच्या तोंडाशी आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग एकेक बुडबुडा, आणि मग सलग, शांत डिझेल. "झालं. आवळतो," अप्पा म्हणत. माझ्या अंगठ्याला तो वास दोन दिवस राही. अप्पांच्या काळ्या कोटालाही तो वास होता. आई लिंबाच्या सालीनं त्यांचे हात घासायला लावायची, तरी कोर्टात अशील जवळ आले की नाक वर करून बघत, असं ते हसत सांगत. जुनं तेल टाकून द्यायचं नाही. ते डांबरासारखं काळं तेल आम्ही वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना लावत असू. त्या घराला इतकी वर्षं वाळवी लागली नाही.

वर्षातून एकदा डिझेलचा पंप आणि फवारा सोडणारी नोझल तपासायला हुबळीला जायचं. तिथे दावलसाब मिस्त्री. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, आणि आत एका काचेच्या भांड्यावर ते आमच्या गाडीची नोझल लावत, दांडा दाबत. नोझलच्या तोंडातून डिझेलचं धुकं सुटायचं, एखाद्या उलट्या फुलासारखं. चांगल्या नोझलचं फूल सगळीकडून सारखं. खराब असेल तर एका बाजूनं थेंब ओघळायचा. "हात लावू नको अम्मा," दावलसाब म्हणत. "पाण्यासारखं दिसतं, पण कातडीतून आत जातं." मी हात पाठीमागे बांधून बघत राही.

मे महिन्यात आम्ही अळणावरकडे जायचो. तिथून पुढे आत एका खेड्यात अप्पांच्या थोरल्या बहिणीची शेती होती. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही. अप्पांची आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनी त्यांना वाढवलेलं. अप्पांना बाळू म्हणणाऱ्या त्या एकट्याच. आमची गाडी ओढ्याच्या वळणावर असतानाच अक्का अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या असत. "कसं कळतं हो तुम्हाला?" आई विचारायची. "तुमची गाडी काय चोरून येते का?" अक्का म्हणायच्या. येताना डिकीत आंब्यांची पोती. घरी आणून गवतात घातले तरी पहिल्या चार दिवसांतल्या आंब्यांना डिझेलचा वास असे. आई वैतागायची. मला मात्र त्या वासाशिवायचा आंबा आजही अर्धवट वाटतो.

अप्पांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे इंजिन ऐकणं. एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मग आतलं सगळं ऐकू येतं, कुठल्या टॅपेटची फट वाढलीय, कुठलं बेरिंग थकलंय. टॅपेट म्हणजे आतल्या झडपा उघडणारे छोटे दांडे. त्यांची फट वाढली की ते टकटक वाजतात. पाण्याच्या तापमानाचा काटा आमच्या गाडीत आम्ही घेतल्यापासून मेलेला होता. आई म्हणायची, दुरुस्त करा. अप्पा म्हणायचे, कान आहेत तोवर काटा कशाला?

मी नववीत असताना एका रविवारी ते असेच वाकले होते. इंजिन चालू होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बघ, किती शांत झालंय. फटी लावून पाच हजार किलोमीटर झाले, तरी एक टॅपेट वाजत नाही."

मला आवाज ऐकू येत होता. कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात ना, तसा. टक टक टक टक.

"अप्पा, वाजतंय की," मी म्हणाले.

ते पुन्हा वाकले. बराच वेळ वाकून होते. मग मला खूण केली. मी काळी मूठ ओढली. त्यांनी वरचं झाकण काढलं, पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचं गेज घेतलं आणि इंजिन हातानं फिरवत एकेक फट मोजली. आठांपैकी तीन टॅपेट सैल होते. पट्टी जाताना अडखळायला हवी, ओल्या कागदावरून बोट ओढल्यासारखी. ती सरळ आरपार जात होती. अप्पांनी तिन्ही नीट केले. मग मडगार्डवर टेकून बसले, हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत होते.

"बारीक आवाज आधी जातात म्हणे," ते म्हणाले. "पक्षी वगैरे. मला वाटलं, आपल्या आवारात पक्षीच कमी झालेत."

मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. आणि बाहेर तर नाहीच. बहिऱ्या वकिलाकडे कोण केस देणार?"

त्या दिवसापासून मी त्यांचे कान झाले. सकाळी गाडी सुरू केली की ते माझ्या तोंडाकडे बघत आणि हळू आवाजात विचारत, "एनंतद?" काय म्हणतंय? मी ऐकून सांगे. पट्टा ओरडतोय. मागचा तिसरा टॅपेट. सायलेन्सरला भोक पडलंय. त्यांना नाव कळलं की हात आपोआप योग्य पान्याकडे जाई. कोर्टात ते काय करत, मला माहीत नाही. समोरच्याचे ओठ बघत असावेत. घरी आई मागून काही बोलली आणि त्यांनी ऐकलं नाही, की मी जरा मोठ्यानं तेच पुन्हा म्हणे, जणू मीच विचारतेय. आईला वाटे, मला मोठ्यानं बोलायची सवय लागलीय. चार वर्षं असं चाललं. इंजिन तेव्हा अगदी ठणठणीत होतं. एकदाही रस्त्यात थांबलं नाही.

बारावी झाली आणि मला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. यंत्र याच विषयाला. पत्र आलं तेव्हा अप्पांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं.

"धारवाडात काय कॉलेजं नाहीत?" ते म्हणाले.

"आहेत. मला पुण्याचं मिळालंय."

"इथे राहून शीक. मला इथे..." आणि ते थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

ते वाक्य पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला संताप आला. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. चार दिवस. त्यातल्या पहिल्याच सकाळी मी इंजिनाचा एक नवा आवाज ऐकला. पुढून, पंख्यापाशी, चिमणी चिवचिवल्यासारखा. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "एनंतद?" मी मान हलवली, काही नाही. दुसऱ्या दिवशी चिवचिव जरा मोठी होती. मी पुन्हा तसंच केलं. तो आवाज इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण आवाज आहे, हे मला कळत होतं.

शनिवारी सकाळी अळणावरहून फोन आला. अक्कांचा मुलगा ओरडून बोलत होता, म्हणून अप्पांना ऐकू गेलं. अक्कांची तब्येत बरी नाही, जमलं तर येऊन जा. घाबरायचं काही नाही, असंही म्हणाला. दुसरा शनिवार होता, कोर्टाला सुट्टी. आईची सकाळची शाळा, ती आधीच बसनं हुबळीला गेली होती. अप्पा मला म्हणाले, "येतेस? अक्काला बरं वाटेल." मी काही न बोलता चपला घातल्या.

भुरभुर पाऊस होता. अप्पांनी गाडी सुरू केली, माझ्याकडे वळले आणि तेच विचारलं. पंप तेव्हा चिवचिवत नव्हता, ओरडत होता. रस्त्यावरून जाणारी एक बाई वळून बघत होती.

"काही नाही," मी म्हणाले. चार दिवसांत त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

धारवाड मागे पडलं. दोन्ही बाजूंना ओली काळी शेतं, मग हळूहळू सागाची झाडं. तो आवाज माझ्या दातांत शिरत होता. अप्पांना काही ऐकू येत नव्हतं. ते अक्कांबद्दल बोलत होते, लहानपणी ताप आला की अक्का त्यांच्या पोटावर ओला पंचा ठेवून रामरक्षा म्हणायच्या, ते. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मग एकाएकी किंचाळल्यासारखं झालं आणि आवाज थांबला. पूर्ण शांत. त्याच वेळी डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागला.

अप्पांनी दिव्याकडे बघितलं. "डायनमो गेला वाटतं," ते म्हणाले. "असू दे. आपल्या इंजिनाला बॅटरी लागत नाही. परतल्यावर बघू." त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता.

तेव्हा मी म्हणू शकले असते, अप्पा, एक आवाज होता तो आत्ता थांबला. एवढं ऐकून त्यांना कळलं असतं. पंप अडकला, पट्टा तुटला, पट्ट्याबरोबर पंखा थांबला, आता पाणी फिरत नाही. त्यांनी तिथेच मूठ ओढायला सांगितली असती. दोन-दोन मैल थांबत थांबत, थंड करत, आम्ही दहा वाजेपर्यंत पोचलो असतो. मी बोलले नाही. राग होता का? मला आठवतं त्याप्रमाणे तेव्हा रागही नव्हता. गप्प राहणं सुरू केलं होतं आणि ते चालू राहिलं, एवढंच.

पेट्रोलची गाडी असती तर थोड्याच वेळात अडखळली असती. हे इंजिन चालत राहिलं. मग गरम रंगाचा वास आला, मग करपलेल्या तेलाचा. एका चढावर त्याला धाप लागली. अप्पांनी गिअर बदलला. इंजिन एकदा घरघरलं आणि थांबलं. काळी मूठ माझ्या गुडघ्यापाशी होती, कुणी हात लावला नव्हता. न ओढता बंद पडलेलं इंजिन मी पहिल्यांदा पाहिलं.

अप्पांनी बॉनेट उघडलं. वाफेचा लोट आला, ते मागे सरकले, पुन्हा पुढे झाले. पट्ट्याच्या चिंध्या झाल्या होत्या. पंपाची कप्पी निळी पडली होती. त्यांनी फडकं गुंडाळून ती हलवून बघितली, हलली नाही. पाऊस तापलेल्या लोखंडावर पडून चुरचुरत होता.

"हे एका दिवसात होत नाही," ते म्हणाले. मला नव्हे, इंजिनाला म्हणाले. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

एक बस गेली, भरलेली, थांबली नाही. मग दोन ट्रक. शेवटी लाकडं नेणाऱ्या एका ट्रकनं आम्हाला घेतलं. पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. ओढ्याच्या वळणावरूनच दिसलं, अंगणात माणसं उभी होती आणि त्यांत अक्का नव्हत्या. त्या साडेदहाला गेल्या होत्या.

वहिनी, म्हणजे अक्कांची सून, अप्पांच्या पाया पडली आणि रडत म्हणाली, "मामा, सकाळपासून एकच विचारत होत्या. गाडीचा आवाज आला का? बाळूच्या गाडीचा आवाज आला का? मी म्हणाले, येतोय, येतोय."

अप्पांनी तिच्या ओठांकडे बघितलं. मग ते आत गेले. मी पायरीवर बसले. कुणीतरी मला पाणी दिलं. ते मी प्यायले, भांडं कुठे ठेवायचं ते विचारलं. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, अंगणातला चिखल, शेण, उंबऱ्यावरचा तांदळाचा दाणा. माझ्या आत काय होत होतं, ते आठवत नाही. काही होत नव्हतं, असंच वाटतं.

चार दिवसांनी गाडी ट्रकवर घालून हुबळीला नेली. मीही गेले. दावलसाबांनी इंजिनाच्या डोक्यावरचं हेड काढलं आणि ते उजेडात धरलं. झडपांच्या मधोमध केसाएवढी चीर होती. पिस्टन सिलिंडरला घासून घासून ओरखडले होते. दुकानात बाकावर धारवाडच्याच एका वकिलाचे कारकून त्यांच्या साहेबांच्या गाडीसाठी बसले होते, पेपर वाचत.

"वकीलसाहेब, तुम्ही असं कसं होऊ दिलंत?" दावलसाब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "दुसरं इंजिन असतं तर आधीच थांबलं असतं. हे बिचारं जीव जाईपर्यंत ओढत राहिलं. आणि पंप तर चार-पाच दिवस ओरडत असणार री. कान असलेल्या कुणालाही ऐकू येणारच."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तर शेजारी बसतेस अम्मा. तुला नाही ऐकू आला?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, मला आजही माहीत नाही.

"तिला काय विचारता?" अप्पा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा आवाज होतो तेवढ्या मोठ्यानं. "गाडी मी चालवत होतो. मला ऐकू येत नाही, दावलसाब. चार-पाच वर्षं झाली. मी बहिरा आहे."

कारकुनांनी पेपर खाली केला. दावलसाबांच्या हातात ते हेड तसंच होतं.

त्यानंतरचं फार लांबवण्यासारखं नाही. आठवड्याभरात कोर्टात सगळ्यांना कळलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण अशील एकेक करून कमी झाले. एकदा एका न्यायाधीशांनी सगळ्यांसमोर तोच प्रश्न तीनदा, चढत्या आवाजात विचारला, असं मी नंतर ऐकलं. वर्षभरात अप्पा कोर्टात जायचे थांबले आणि घरी बसून खरेदीखतं लिहून द्यायला लागले. त्याला कान लागत नाहीत. इंजिन त्यांनी पुन्हा बांधून घेतलं नाही. दावलसाब म्हणाले, सिलिंडर घासून बोअर करून देतो, नव्यासारखं होईल. अप्पांनी मान हलवली. गाडी तशीच विकली. शेड रिकामी झाली, डाग राहिला.

पुण्याच्या फॉर्मवर त्यांनी सही केली. कधी केली, मला दिसलंसुद्धा नाही. सकाळी उठले तर पत्राच्या घडीत सही केलेला फॉर्म होता. मी गेले. त्यांनी मला त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घरून पत्र आलं की स्थळ आलंय. मी आले, बघण्याचा कार्यक्रम झाला, मी हो म्हणाले. अप्पांची मिळकत गेली होती ती माझ्यामुळे. मुलीचं ओझं तरी उतरावं असं त्यांना वाटत असणार, आणि मी त्यांना एवढं देणं लागते, असा माझा हिशेब होता. शिक्षण सुटलं. त्या लग्नाबद्दल इथे लिहायचं नाही. ते नऊ वर्षं टिकलं. पुढे सप्तापूरचं घर विकून अप्पा आणि आई उणकलला तळ्याजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये आले आणि तिथेच अप्पा एका दुपारी झोपेत गेले.

झेरॉक्स काढून आले त्या संध्याकाळी आई गवारी निवडत बसली होती. मी समोर बसले.

"शेड बघितलीस?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं दोन शेंगा मोडल्या. मग म्हणाली, "हे जाऊन आता इतकी वर्षं झाली. आता विचारलं तर चालेल, नाही का?"

"काय?"

"अक्का गेल्या, तिथून परत आल्यावर हे मला म्हणाले, तिला काही विचारू नकोस. कधीच विचारू नकोस. मी म्हटलं, बरं. नाही विचारलं. काय विचारायचं नव्हतं गं?"

मी सांगितलं. चार-पाच वाक्यांत झालं. इतक्या वर्षांची गोष्ट इतकी छोटी असेल, असं वाटलं नव्हतं.

आईचे हात थांबले. "पंप वाजत होता आणि तू बोलली नाहीस. एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं, कुणी मुलगा होता."

"मुलगा?" मी म्हणाले.

"चार दिवस तोंड उघडत नव्हतीस," ती म्हणाली. "पुण्याला जायचं म्हणून हटून बसलेलीस. आणि हे येऊन असं सांगतात. मला दुसरं काय वाटणार? पुण्यात काहीतरी आहे, यांना कळलंय आणि हे पोटात ठेवतायत. म्हणून तर मी तुझ्या लग्नाची एवढी घाई केली. ते स्थळ मीच शोधलं. यांचं मन नव्हतं."

"अप्पांचं मन नव्हतं?"

"नव्हतं. म्हणत होते, शिकू दे तिला, अजून दोनच वर्षं आहेत." तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू तरी नाही म्हणायचंस की."

"हो," मी म्हणाले. "म्हणायला हवं होतं."

खाली रस्त्यावर कुठलीतरी नवी गाडी गेली, आवाज न करता. आईनं न निवडलेल्या शेंगांचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. मी एक शेंग उचलली, दोन्ही टोकं मोडली, शीर ओढून काढली आणि पुढची घेतली.